‘ती तर तेव्हा झोपलेली असते’

“मॅडम, मुलीसमोर आमचं काही होत नाही. ती तर तेव्हा झोपलेली असते.” समुपदेशनाला येणाऱ्या, नवऱ्याचा मार खाणाऱ्या आयांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की आता मी आधी विचारते, घर केवढं आहे आणि कोण कुठे झोपतं?

कोपरखैरण्याची ही आई आली ती वेगळीच तक्रार घेऊन. मुलगी दहावीत, गणितात नापास, क्लासमध्ये डुलक्या, सारखी पोटदुखी. सोनोग्राफी नॉर्मल. मोबाईलही काढून घेतलेला. “आळशी झालीय नुसती.”

अभ्यासाचा विषय मी काढलाच नाही. आईला बाहेर बसवलं.

“झोपतेस कधी?”

“पप्पा घोरायला लागले की.”

“आणि त्याआधी?”

“जिन्यावरच कळतं. चप्पल फरफटत आली की आज होणार. मग धाकट्याला भिंतीकडे सरकवते, लाटणं माळ्यावर टाकते.” जरा थांबून म्हणाली, “आई ओरडत नाही. मी बांगड्या ऐकते.”

आळशी ठरलेली ही पोर रोज रात्रपाळी करत होती. मी सुटं मूल बघत नाही, अख्खं घर बघते, ते यासाठीच. भांडण आपल्या क्लासच्या फीवरून पेटलं, असंही ती धरून बसली होती. अशा घरांतल्या बऱ्याच मुली दोष स्वतःकडेच घेतात.

तिला विचारून आईला फक्त लाटण्याचं सांगितलं. आई बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “मला वाटायचं, सासूबाई उचलून ठेवतात.”

आईचं ‘दहावी होऊ दे, मग बघू’ त्या दिवशी संपलं. तिला म्हटलं, मुलीला स्पष्ट सांगा, हे तुझ्यामुळे नाही आणि मला वाचवणं तुझं काम नाही. सुरू झालं की तिने मध्ये पडायचं नाही. भावाला घेऊन शेजारी जायचं, पोलिसांचा ११२ किंवा मुलांच्या हेल्पलाईनचा १०९८ लावायचा. बायकांसाठी १८१ आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क बायकोला आहे, आणि अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. ही आई त्यांना भेटून आली. पोटदुखी कमी झालीय, गेलेली नाही.

वडिलांना निरोप धाडलाय. आले तर त्यांच्याशी वेगळं बोलेन. मारहाण चालू असताना नवरा-बायकोला मी एकत्र बसवत नाही. इथे बोललेल्याचा हिशेब तिला घरी चुकवावा लागतो.