तेरला बघायचं काय? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही लातूरचे. दिवाळीच्या सुट्टीत तुळजापूरला दर्शनाला जाणार आहोत, सोबत सासू-सासरे आणि नववीतली लेक. येताना धाराशिवजवळचं तेर करायचंच असा तिचा हट्ट, सरांनी वर्गात सांगितलंय म्हणे की ते दोन हजार वर्षांपूर्वीचं मोठं शहर होतं. आमचे हे म्हणतात, गोरोबाकाकांची समाधी सोडली तर तिथं नुसती मातीची टेकाडं आहेत. अर्धा दिवस घालवावा का? आणि तिथल्या विटा पाण्यावर तरंगतात ते खरं की गप्पा?

उत्तर : घालवा की! आणि ह्यांना सांगा, ती टेकाडं म्हणजेच शहर. आपण गावाची पांढर म्हणतो ना, तीच ही. माणसं पिढ्यानपिढ्या एकाच जागी घरं बांधत राहिली, जुनी पडली की त्यावरच नवी, अशी पांढर चढत जाते आणि तेरच्या पांढरीखाली सातवाहनांच्या काळातलं तगर नावाचं शहर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात त्याचा पत्ता दिलाय, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि इथलं साधं कापड, मलमल वगैरे गाड्यांत भरून धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जायचं असंही लिहिलंय (म्हणजे रस्त्याची बोंब तेव्हापासूनचीच). पुढं शिलाहार राजे राज्य करायचे कोकणात नि कोल्हापुरात, पण बिरुद मिरवायचे 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर नगरीचे स्वामी.

बहुतेक लोक देवळं आधी करतात आणि म्युझियमला शेवटची दहा मिनिटं देतात. तुम्ही उलटं करा. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच माणसाने गावात, शेतात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्या संग्रहावर हे सरकारी म्युझियम उभं आहे, ते चालू आहे का तेवढं निघण्याआधी विचारून घ्या. आत मणी, मातीच्या मूर्ती, दिवे, सगळं बारीक-बारीक, घाईत काहीच दिसणार नाही. तेरला हस्तिदंताची एक बाईची मूर्ती सापडलीय, अंगभर दागिने, त्याबद्दल लेकीला नक्की सांगा, कारण तशाच घडणीची मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या राखेत मिळाली, आणि पाँपेई ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं इसवी सन 79 मध्ये. अशीच एक आपल्या जालन्याकडच्या भोकरदनलाही सापडलीय, त्यामुळं पाँपेईची मूर्ती आपल्या भागातून गेली असावी असं काही अभ्यासक म्हणतात. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट पण म्युझियममध्येच आहे, ती बघून मग मंदिराकडं जा, नाहीतर तिथं नुसती वीट बघून परत याल.

मग त्रिविक्रम मंदिर. समोरून साधं वाटतं, म्हणून मागं जाऊन बघा, भिंत अर्धगोल फिरते आणि वरचं विटांचं छत हत्तीच्या पाठीसारखं आहे. लेण्यांमध्ये चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, पाहिला असेल तर हा आकार लगेच ओळखू येईल, फरक एवढाच की इथं डोंगर कोरलेला नाही, विटा रचल्यात. मूळचं बौद्ध की आधीपासून वैष्णव, यावर जाणकारांचे वाद आहेत. आत पाय उचललेला त्रिविक्रम, म्हणजे तीन पावलांत जग व्यापणारा विष्णू.

सासू-सासऱ्यांना गोरोबाकाकांची समाधी, तेरणेच्या काठी, तिथं त्यांना निवांत बसू द्या. चैत्रात यात्रा असते तेव्हा गर्दी, दिवाळीत तेवढी नसेल. जेवण मात्र तुळजापूर नाहीतर धाराशिवलाच उरकून निघा. परत फिरायला नको, तेरहून ढोकी, मुरूड करत सरळ लातूर.

आणि विटा, हो, तरंगतात. मातीत भाताचं तूस मिसळून भाजायचे, तूस जळून जातं, आत बारीक भोकं राहतात, म्हणून वीट एवढी हलकी. पण खात्री करायला कुणी देवळाची वीट काढू नका, म्हणजे झालं.