तीसपैकी 19 गुण म्हणजे डिमेन्शियाच का?

"मॅडम, आईला तीसपैकी 19 पडले. अल्झायमर सुरू झाला ना?" मुलानं रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. चाचणी एमएमएसई, स्मरणशक्ती आणि विचारशक्ती थोडक्यात तपासणारी, 1975 पासून जगभर वापरतात ती. साधारण 24 च्या खाली गुण आले की डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार), शंका घ्यायची, पुढची तपासणी करायची. निदान त्यावरून करायचं नसतं. हे घरच्यांना कोणी नीट सांगत नाही आणि ती माणसं रात्र रात्र जागून काढतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आई 68 वर्षांच्या, शाळा चौथीपर्यंत. यजमान गेल्यावर गाव सोडून मुलाकडे आलेल्या. शंभरातून सात-सात वजा करताना त्र्याण्णववरच अडकल्या होत्या. मी विचारलं, "मावशी, पावणेदोनशेची भाजी घेतली, पाचशेची नोट दिली. परत किती?" "सव्वातीनशे," ताबडतोब उत्तर.

शाळेचा परिणाम या गुणांवर फार होतो. म्हणूनच हरियाणात बल्लभगढच्या ग्रामीण, बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी याच चाचणीचं हिंदी रूप घडवलं गेलं. त्यात वाक्य लिहायला न लावता घराबद्दल काहीतरी सांगायला लावतात.

मग शब्द. या चाचणीत तीन शब्द सांगून थोड्या वेळानं पुन्हा विचारतात. आधीच्या वेळी आईंना तिन्ही आठवले नव्हते. मी जवळ बसून, मोठ्यानं वेगळे तीन शब्द सांगितले, त्यांच्याकडून म्हणून घेतले. थोड्या वेळानं एकच आठवला. "एक फळ होतं बघा," म्हटल्यावर मात्र लगेच, "पेरू!" शब्द मनात नोंदला गेला होता, फक्त सापडत नव्हता. अल्झायमरमध्ये बहुधा नोंदच नीट होत नाही, त्यामुळे अशा इशाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. एवढ्यावरून मी निर्वाळा देणार नाही, पण मला ही खूण मोलाची वाटली.

झोप उडालेली, जेवण कमी झालेलं, डाव्या कानानं कमी ऐकू येतं. विसरण्यामागे अशीही कारणं असू शकतात, म्हणून डॉक्टरांकडे व्हिटॅमिन बी-12, थायरॉइड आणि कानाच्या तपासणीसाठी पाठवलं, नैराश्याचंही बघायला सांगितलं.

उलटही घडतं. भरपूर शिकलेला माणूस 28 गुण मिळवतो आणि घरी वीजबिल दोनदा भरतो. तिथं गुण बघून निश्चिंत राहू नये, सविस्तर चाचणी करून घ्यावी.

सूनबाईंना मी वहीत नोंद ठेवायला सांगितली: औषधं स्वतः घेतात का, गॅस बंद करतात का, तोच प्रश्न पुन्हा विचारतात का. सहा महिन्यांनी हीच चाचणी, शब्द बदलून. तेव्हा तुलना त्यांच्याच आजच्या गुणांशी करू.