वाचकांचे प्रश्न : कन्व्हेयरच्या देखभालीचा खर्च कुठे मुरतो?

प्रश्न : आमच्याकडे खडी आणि चुरा वाहून नेणारे सात बेल्ट कन्व्हेयर आहेत. रोलर बदलण्याचा आणि बेल्ट दुरुस्तीचा खर्च दर वर्षी वाढत असल्याने व्यवस्थापनाने पुढील वर्षाच्या तरतुदीत कपात सुचवली आहे. स्वस्त रोलर घ्यावेत, की रोलर बदलण्याचा कालावधी लांबवावा?
— देखभाल विभागातील एक वाचक

उत्तर : दोन्ही नको. आधी रोलर कुठे आणि कशाने मरतात ते पाहावे. गेल्या वर्षभरात स्टोअरमधून किती रोलर उचलले गेले हे आपल्याला ठाऊक असेलच. पण त्यातला प्रत्येक रोलर कन्व्हेयरच्या कोणत्या जागी बसवला गेला, याची नोंद बहुतेक ठिकाणी नसते. ती नोंद ठेवून कन्व्हेयरच्या नकाशावर खुणा करत गेल्यास काही महिन्यांतच असे दिसू लागते की खुणा सगळीकडे सारख्या पसरलेल्या नाहीत. माल पडतो त्या जागेखाली, डोक्याकडच्या (माल सोडणाऱ्या टोकाच्या) पुलीनंतरच्या परतीच्या रोलरांवर आणि जिथे चुऱ्याचे ढीग साचतात तिथे त्यांची गर्दी होते. म्हणजे बिल रोलरच्या नावावर पडत असले, तरी खोड अन्यत्र असते.

बेअरिंगच्या आयुष्याचा हिशेब सांगतो की बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर त्याचे आयुष्य आठव्या हिश्शावर येते. त्यामुळे भार जास्त असलेल्या ठिकाणी मोठे बेअरिंग किंवा जवळजवळ बसवलेले रोलर उपयोगी पडतात, यात शंका नाही. परंतु धुळीच्या जागी कन्व्हेयरच्या रोलरचे बेअरिंग सहसा भाराने थकेपर्यंत टिकतच नाही. सीलमधून आत शिरलेली धूळ आणि पाणी त्याआधीच त्याचा निकाल लावतात. अशा वेळी रोलर स्वस्त आहे की महाग, यापेक्षा त्याचे सील कसे आहे आणि त्याच्यावर किती घाण पडते, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

ही घाण मुख्यतः दोन ठिकाणांहून येते. पहिले ठिकाण डोक्याकडची पुली. माल सोडल्यावरही बेल्टला चिकटून राहिलेला बारीक चुरा परतीच्या वाटेवर रोलरांवर झडतो आणि त्यांच्यावर थर धरतो. थर असमान असला की रोलर गोल राहत नाही, त्यावरून जाणारा बेल्ट बाजूला ढकलला जातो, त्याची कड सांगाड्यावर घासते आणि पुढे आपण कड फाटली म्हणून बेल्टची दुरुस्ती करत बसतो. यावर उपाय म्हणजे स्क्रेपर (बेल्ट खरवडून साफ करणारी पाती) चांगल्या स्थितीत ठेवणे : एक पुलीच्या तोंडावर, मालाच्या धारेखाली, आणि दुसरा बेल्ट पुली सोडतो त्या जागी. स्क्रेपर जितका घट्ट दाबावा तितके साफ होते, हा समज मात्र सोडावा. ठरवलेल्या मर्यादेबाहेर दाबल्यास सफाई वाढत नाही. पाते आणि बेल्ट दोन्ही झिजतात.

दुसरे ठिकाण माल पडण्याची जागा. दोन मीटर उंचीवरून मोकळा पडणारा दगड खाली येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे 6.3 मीटर असतो आणि आघाताची ऊर्जा उंचीच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शूटमध्ये (माल बेल्टवर सोडणाऱ्या घसरणीत) माल मालावरच आपटेल असा टप्पा ठेवणे आणि तो बेल्टच्या दिशेने, शक्यतो बेल्टच्याच वेगाने, मधोमध उतरेल असे पाहणे हा बेल्ट वाचवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. माल आडवा किंवा संथ पडला तर बेल्टचा वेग पकडेपर्यंत तो बेल्टवर घसरत राहतो आणि ते घसरणे म्हणजे वरच्या रबराला लावलेली सततची कानसच असते.

याच जागी एक जुनी काटकसर फार महाग पडते. स्कर्ट रबर (माल बाजूंनी सांडू नये म्हणून लावलेली रबराची पट्टी) म्हणून टाकाऊ बेल्टचे तुकडे बसवण्याची पद्धत अनेक कारखान्यांत आहे. त्या तुकड्यांत कापडाचे थर असतात आणि रबरात खडीचे कण रुतलेले असतात. ते चालत्या बेल्टवर दाबले गेले की काही काळात बेल्टच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब चर पडतात. स्कर्टसाठी मऊ, कापडविरहित रबर घ्यावे आणि ते बेल्टला जेमतेम टेकेल इतकेच खाली आणावे.

राहिला प्रश्न कालावधीचा. रोलर दिनदर्शिका पाहून बदलू नयेत, हे खरे आहे; पण त्याचा अर्थ उशिरा बदलावेत असा नव्हे, तर अवस्था पाहून बदलावेत असा आहे. ठरलेल्या दिवशी अनुभवी माणसाने कन्व्हेयरच्या बाजूने चालत जावे, घरघरणारा रोलर कानाने ओळखावा, संशयिताचे तापमान दुरून मोजणाऱ्या उपकरणाने पाहावे आणि खडूने खूण करून पुढच्या शटडाउनला तो बदलावा. अडकलेला रोलर तसाच राहिला तर त्याची नळी घासून पातळ होते, शेवटी फुटते आणि तिची कड सुरीसारखी बेल्ट कापते. जळाऊ धूळ असलेल्या ठिकाणी तर तापलेला रोलर आगीचेही कारण ठरतो. एका रोलरच्या बचतीसाठी बेल्ट पणाला लावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

प्रश्न : बेल्ट सतत एका बाजूला जातो. फिटर टेक-अपचा त्या बाजूचा स्क्रू आवळतात, काही दिवस बरे चालते आणि पुन्हा तेच. बेल्ट पुलीवर घसरतो तेव्हाही ताणच वाढवला जातो. हे बरोबर आहे का?
— पाळीप्रमुख

उत्तर : बरोबर नाही. टेक-अपचे काम ताण राखण्याचे आहे, बेल्टला वळण लावण्याचे नव्हे. प्रथम निदान करावे : बेल्टचा एकच ठरावीक भाग सगळीकडे बाहेर जात असेल, तर दोष बेल्टमध्ये किंवा वाकड्या जॉइंटमध्ये आहे, पूर्ण बेल्ट एकाच ठरावीक जागी बाहेर जात असेल, तर दोष त्या जागेच्या थोडा आधी असलेल्या रोलरांत, सांगाड्यात किंवा माल एका अंगाला पडण्यात आहे. बेल्ट रोलरच्या ज्या टोकाला आधी टेकतो त्या टोकाकडे सरकतो, हा नियम लक्षात ठेवला की कोणता रोलर किती फिरवायचा ते समजते. बेल्ट डावीकडे जात असेल तर रोलरचे डावे टोक बेल्टच्या चालीच्या दिशेने किंचित पुढे घ्यावे, आणि तेही लागोपाठच्या काही रोलरांवर थोडे थोडे. थर बसलेले रोलर मात्र वीज बंद करून, कुलूप लावूनच साफ करावेत. चालत्या बेल्टखाली हात घालण्याची सवय कुठे असेल तर ती आजच थांबवावी.

घसरण्याविषयी. पुली बेल्टला किती खेचू शकते हे ताणाबरोबरच घर्षणावर आणि बेल्ट पुलीला किती अंशांत वेढतो यावर ठरते. घर्षणगुणांक 0.3 आणि वेढा 180 अंशांचा असेल, तर घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे 2.6 पट होईपर्यंत बेल्ट घसरत नाही. शेजारी एक लहान जादा पुली लावून वेढा 210 अंश केला, तर हेच प्रमाण 3 पटींवर जाते. पुलीवरचे झिजलेले लॅगिंग (आवरण) बदलले की घर्षणही वाढते. म्हणजे तेवढेच काम कमी ताणात होते. वाढवलेला ताण मात्र बेअरिंग, शाफ्ट आणि जॉइंट यांना रात्रंदिवस सोसावा लागतो.

प्रश्न : सर्व रोलरांवर सेन्सर लावण्याचा प्रस्ताव आला आहे. खर्च वसूल होईल का?
— एक अभियंता

उत्तर : मोटर आणि गिअरबॉक्स यांवर कंपन व तापमान मोजणे बहुधा परवडते, कारण ते मोजकेच असतात, त्यांच्यामुळे पूर्ण लाइन थांबते आणि बदली संच येण्यास वेळ लागतो. हजारो रोलरांसाठी वर सांगितलेली फेरी बरी. गिअरबॉक्सवर साचलेली धूळ मात्र आधी झाडून घ्यावी : ती गोधडीसारखी उष्णता अडवते, आणि तेलाचे तापमान दर 10 अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. बेल्ट बाजूला गेल्यास किंवा घसरल्यास लाइन थांबवणारे स्विच आपल्याकडे असतीलच. ते तारेने बांधून निकामी केलेले नाहीत ना, हेही पाहून घ्यावे.

प्रश्न : चेन कन्व्हेयरवर नवी चेन बसवूनही थोड्याच महिन्यांत खडखड सुरू होते. चेनचा दर्जा खराब असावा का?
— एक वाचक

उत्तर : शक्य आहे, पण आधी स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) पाहावे. चेन लांबते म्हणजे लोखंड ताणले जात नाही. पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी) झिजल्याने प्रत्येक कडीत किंचित भर पडते. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन नीट बसत नाही आणि लवकर खराब होते. चेन ताणलेली ठेवून बऱ्याच कड्यांची लांबी एकदम मोजावी. रोलर चेनमध्ये साधारण 3 टक्के वाढ ही बदलण्याची मर्यादा मानतात, मोठ्या स्प्रॉकेटवर त्याहून कमी. तेल पिन आणि बुश यांच्या मध्ये पोहोचले पाहिजे, म्हणून ते सैल बाजूला, कड्यांच्या फटींत सोडावे. बाहेरून थापलेले जाड ग्रीस केवळ धूळ धरते. दोन समांतर चेन असतील तर दोन्ही एकाच वेळी, जुळलेल्या लांबीच्या जोडीनेच बदलाव्यात. एकच बदलल्यास दोन्ही चेनना जोडणाऱ्या पट्ट्या तिरक्या चालतात आणि नवी चेनही लवकर झिजते.