गोळ्या सोडू नकोस, नीट बसवून घे

प्रश्न: ताई, मी 29 वर्षांची, कोथरूडला राहते. मला जन्मापासून सीएएच, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींचा विकार, आहे. हायड्रोकॉर्टिसोन सकाळी 10, दुपारी 5, संध्याकाळी 5 मिलिग्रॅम आणि फ्लुड्रोकॉर्टिसोनची एक गोळी, असं रोज चालू आहे. तीन वर्षांपूर्वी आतेभावाशी लग्न झालं. दीड वर्ष प्रयत्न करतोय, पण दिवस राहत नाहीत. पाळी दोन-दोन महिन्यांनी येते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात की एवढं स्टेरॉइड पोटात जातंय तर मूल राहणार कसं, महिनाभर बंद करून बघ. आणि राहिलंच, तर बाळालाही हेच होईल का? रात्र-रात्र झोप लागत नाही.

उत्तर: आधी आज संध्याकाळची गोळी घे, मग पुढचं वाच.

आत्यांचा जीव तुटतोय म्हणून त्या बोलतात, हे मला कळतं. पण त्यांनी सांगितलेला उपाय नेमका उलटा आहे. तुझ्या मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींत 21-हायड्रॉक्सिलेज हे विकर जवळजवळ नाही, त्यामुळे कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तयार होत नाही. ते मिळावं म्हणून मेंदू ग्रंथींना सारखा चाबूक मारत राहतो आणि अडून राहिलेला कच्चा माल पुरुषी हार्मोन आणि प्रोजेस्टेरॉनच्या वाटेने वाहतो. गोळी तो चाबूक थांबवते. ती बंद केलीस तर उलट्या, रक्तदाब कोसळणं, सोडियम उतरणं, पोटॅशियम चढणं, हे थोड्या दिवसांतच होऊ शकतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो. शिवाय दिवस राहायची शक्यताही घटेल.

दीड वर्षात प्रोजेस्टेरॉन किती वेळा तपासलं? तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि बहुधा घोडं तिथेच अडलंय. प्रोजेस्टेरॉन खरं तर अंडं फुटल्यानंतर वाढायला हवं. सीएएचमध्ये ते ॲड्रिनलमधून महिनाभर झिरपत राहतं. मग गर्भाशयाचं अस्तर जाड होत नाही, मुखाशी असलेला स्राव घट्ट राहतो. गर्भनिरोधक गोळी घेतल्यासारखीच ही अवस्था. टेस्टोस्टेरॉन बरं दिसलं तरी हे वाढलेलं असू शकतं, म्हणून नुसत्या त्या रिपोर्टवर समाधान मानू नकोस. पाळीच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी, दर वेळी त्याच वेळेला रक्त दे. प्रोजेस्टेरॉनचा आकडा 0.6 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली यायला हवा. 17-ओएचपी, म्हणजे अडून राहिलेल्या त्या कच्च्या मालाचा आकडा, मात्र अगदी नॉर्मलला आणायचा हट्ट धरू नये. तो नॉर्मलला आला की बहुतेकदा डोस गरजेपेक्षा जास्त झालेला असतो, आणि मग वजन, साखर, रक्तदाब मागे लागतात.

प्रोजेस्टेरॉनचा आकडा वर असेल तर एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, डोसची वाटणी बदलतील, किंवा रात्रीसाठी थोडं प्रेडनिसोलोन हे दुसरं स्टेरॉइड देतील. दोन-तीन महिने लागतात, तेवढा धीर धर. त्यानंतरही अंडं फुटत नसेल तरच त्यासाठीच्या गोळ्या. आधी त्या घेतल्या तर अंडं फुटलं तरी अस्तर तयार नसतं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कुणी लिहून दिलं तर दिवस राहण्याआधीच बदलून घे. वार (प्लॅसेंटा) हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रेडनिसोलोन बऱ्याच प्रमाणात निष्प्रभ करते, डेक्सामेथासोन मात्र थेट बाळापर्यंत पोचतं. लहानपणी ऑपरेशन झालं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आत्ताच सांग. संबंधांच्या वेळी दुखत असेल तर तेही सांग. त्यावर उपाय आहेत.

लंडनमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सीएएच असलेल्या ज्या 23 जणींनी मुलासाठी प्रयत्न केले त्यांतल्या 21 जणींना दिवस राहिले. सासूबाईंना हा आकडा वाचून दाखव.

आता बाळाचं. हे विकर बनवणाऱ्या तुझ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, म्हणून प्रत्येक मुलाकडे एक जाणारच. नवऱ्याकडून चांगली प्रत आली तर मूल फक्त वाहक, आजार नाही. परका नवरा असता तर तो वाहक असण्याची शक्यता साधारण 50 ते 60 जणांत एक असती. पण तुझे वडील नक्की वाहक आहेत, म्हणजे आत्या वाहक असण्याची शक्यता आठ आणे आणि त्यांच्या मुलाची चार आणे. तो वाहक निघाला तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता निम्मी. तपासणीआधी हिशेब आठात एक. यात दोष कुणाचाच नाही, हे आत्यांनाही सांग, कारण कळल्यावर त्या स्वतःलाच बोल लावतील.

तपासणी नवऱ्याची करायची, सीवायपी21ए2 या जनुकाची. या जनुकाशेजारीच त्याच्यासारखा दिसणारा एक निकामी जनुक बसलेला असतो आणि सगळी जनुकं एकदम वाचणाऱ्या साध्या एक्सोम तपासणीत दोघांची गल्लत होते. म्हणून जनुक समुपदेशकाला विचार: यात एमएलपीए (जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी) आहे का? तुझा जनुकाचा रिपोर्ट आधी असेल तर काम सोपं. तो वाहक निघालाच, तर भ्रूण तपासून आयव्हीएफ करता येतं, किंवा 11 ते 13 आठवड्यांत वारेचा तुकडा तपासता येतो. नोंदणीकृत केंद्रात आजारासाठी ही तपासणी कायदेशीर आहे. लिंग सांगत नाहीत.

दिवस राहिले की चुका घरातच होतात. हरतालिकेला निर्जळी धरू नकोस. पाणी आणि मीठ तुझ्यासाठी औषधच आहे. खोकल्याला कुणी ज्येष्ठमधाचा काढा दिला तर नको म्हण. ज्येष्ठमध कॉर्टिसोल निष्प्रभ करणारं विकर अडवतं. त्याने रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं आणि वारेचं संरक्षणही कमी होतं. पहिल्या तीन महिन्यांत उलट्या होतात. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा घे. तीही टिकली नाही तर मांडीत हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि लगेच हॉस्पिटल. पावडरची कुपी, विरघळवायला 2 मिलिलिटर निर्जंतुक पाणी, सिरिंज, हे एका डब्यात फ्रिजवर ठेव आणि द्यायला नवऱ्याला शिकव. 38 डिग्री सेल्सिअसच्या वर ताप गेला तर डोस दुप्पट, 39 च्या वर तिप्पट. साखरेची तपासणी लवकर आणि मग 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. डोस 24 आठवड्यांनंतर 20 ते 40 टक्के वाढवावा लागू शकतो, पण तो डॉक्टरांनी.

बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम, पुढच्या 24 तासांत 200. हे तुझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून घे आणि भूलतज्ज्ञांना आधीच दाखव. नवरा वाहक असो वा नसो, बाळाच्या टाचेचं रक्त 48 ते 72 तासांत तपासून घ्यायला हॉस्पिटलला आत्ताच सांगून ठेव. आजार असलेला मुलगा असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही आणि उलट्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात, तेव्हा आई-बाळ घरी आलेले असतात.