बॅकअप टूलमध्ये पॅकमनचा (आर्च लिनक्सचा पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्रॅम) सपोर्ट घालायचाय. इन्स्टॉल असलेल्या सगळ्या पॅकेजची यादी फाइलमध्ये ठेवली की पुरे ना?

नाही. तुमच्या टूलमध्ये अ‍ॅप्ट (डेबियनचा पॅकेज मॅनेजर) आधीच आहे, आता आर्चच्या मशीनसाठी पॅकमन हवाय, हे कळलं. पण प्रश्नातल्या 'सगळ्या' या शब्दावरून माझं ऑफिसात कडाक्याचं भांडण झालंय, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या टीमचंही असंच एक घरगुती टूल होतं. त्यातला अ‍ॅप्टचा भाग माझ्याकडे होता. मी अ‍ॅप्ट-मार्क शोमॅन्युअल वापरलं, म्हणजे माणसाने स्वतः मागून घेतलेली पॅकेजं तेवढीच यादीत. त्यांना लागतात म्हणून आपोआप आलेल्या लायब्ऱ्या (डिपेंडन्सी) नाहीत. रिव्ह्यूला सीनियर म्हणाले, "काहीतरी सुटेल. डीपीकेजीची अख्खी यादी घे. यादी ती यादी." (डीपीकेजीकडे बसवलेल्या प्रत्येक पॅकेजची नोंद असते.) दोन दिवस वाद घातला आणि शेवटी त्यांचं ऐकलं.

सात-आठ महिन्यांनी एका मशीनची एसएसडी गेली. रिस्टोर माझ्याच वाट्याला. अठराशेच्या वर नावं अ‍ॅप्ट इन्स्टॉलला दिली आणि पहिल्याच फटक्यात 'अनेबल टू लोकेट पॅकेज'. चार नावं बाहेरच्या रिपॉझिटरीतली (पॅकेजं जिथून उतरतात त्या ऑनलाइन साठ्यातली) होती आणि ती रिपॉझिटरी नव्या मशीनवर जोडलेलीच नव्हती. सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी हे रिपॉझिटरींच्या पत्त्यांचं फोल्डर बॅकअपमध्ये घ्यायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. अ‍ॅप्टला एक नाव सापडलं नाही की ते बाकीचंही काही बसवत नाही. एक नाव गाळायचं, पुन्हा चालवायचं, असं करत रात्रीचे साडेदहा वाजले.

खरं दुखणं नंतर कळलं. नाव घेऊन इन्स्टॉल केलेल्या पॅकेजवर अ‍ॅप्ट 'मॅन्युअल' अशी खूण करतं. त्यामुळे आता यच्चयावत सगळीच मॅन्युअल. पुढे त्या मशीनवरून एक मोठं सॉफ्टवेअर काढलं, ऑटोरिमूव्ह (आता कोणालाच न लागणाऱ्या, आपोआप आलेल्या लायब्ऱ्या काढणारी कमांड) चालवलं, तर काढण्यासारखी पॅकेजं ०. कोणती लायब्ररी कोणासाठी आली होती, ही नोंदच आम्ही पुसून टाकली होती. शोमॅन्युअलच्या यादीने ती शाबूत राहिली असती. हे मी तेव्हा रिव्ह्यूत लिहूनही दिलं होतं.

आता तुमचं पॅकमन. इथेही तेच दोन खड्डे आहेत. नुसतं -क्यूक्यू दिलंत तर डिपेंडन्सीसकट सगळं येईल. -क्यूक्यूईएन ने स्वतः मागितलेली, रिपॉझिटरीतली पॅकेजं मिळतात; -क्यूक्यूईएम ने एयूआरची (वापरकर्त्यांनी बनवलेल्या पॅकेजचा आर्चचा साठा) किंवा हाताने बसवलेली. या दोन वेगळ्या फाइल ठेवा. पहिली पॅकमन -एस --नीडेडला द्या, दुसरी याय किंवा तुम्ही जो एयूआर हेल्पर वापरत असाल त्याला. एकत्र केलीत तर पॅकमन 'टार्गेट नॉट फाउंड' म्हणून तिथेच थांबेल, माझ्यासारखंच. आणि पॅकमन डॉट कॉन्फ बॅकअपमध्ये घ्याच, जोडलेल्या रिपॉझिटरी त्यातच लिहिलेल्या असतात.

अ‍ॅप्टची यादी पॅकमनला चालावी म्हणून नावांचं भाषांतर करणारा तक्ता मात्र बनवू नका. डेबियनमधलं एफडी-फाइंड आर्चमध्ये नुसतं एफडी आहे, बिल्ड-इसेन्शियलच्या जागी बेस-डेव्हल आहे. असा तक्ता जन्मभर सांभाळावा लागतो. प्रत्येक मॅनेजरची यादी त्याच्या-त्याच्यापुरती ठेवा.

व्हर्जनचं राहिलंच. आर्चच्या रिपॉझिटरीत एका पॅकेजचं चालू व्हर्जनच असतं, म्हणून व्हर्जन नोंदवलंत तरी पॅकमन -एस ने रिस्टोर करताना ते उपयोगी पडणार नाही. सर्व्हरवर नेमकं जुनंच व्हर्जन हवं असेल तर ही पद्धत पुरणार नाही, डिस्कची इमेजच घ्या. फ्लॅटपॅक (कुठल्याही लिनक्सवर चालणारी पॅकेजं) वापरत असाल तर त्याची यादी वेगळी, आणि अ‍ॅपचा डेटा होममधल्या डॉट-व्हार फोल्डरात असतो, तो वगळला जात नाही ना ते बघा.

नवा कोड मूळ टूलमध्ये मर्ज करण्याआधी कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर एकदा पूर्ण रिस्टोर करा आणि -क्यूक्यूई चा आकडा जुन्या मशीनशी ताडून बघा. तो फार वाढलेला दिसला तर डिपेंडन्सी यादीत शिरल्या आहेत. रिव्ह्यूला कोणी "यादी ती यादी" म्हणालं तर हाच आकडा दाखवा. माझ्याकडे तेव्हा दाखवायला नव्हता.