२०३२ चं बुधाचं अधिक्रमण घरच्या छोट्या दुर्बिणीतून बघता येईल का?

येईल. अधिक्रमण म्हणजे ग्रह सूर्यबिंबासमोरून सरकताना दिसणं. हे १३ नोव्हेंबर २०३२ ला भारतातून दुपारी बारानंतर साडेचारच्या सुमारापर्यंत दिसेल. नुसता ग्रहणाचा चष्मा इथे कुचकामी, कारण बुधाचा ठिपका सूर्याच्या व्यासाच्या जेमतेम १/१९० असतो. (२०१२ मध्ये शुक्राचं अधिक्रमण चष्म्यातून दिसलं होतं, आता ते थेट २११७ मध्ये!)

सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, वाऱ्याने उडणार नाही असा घट्ट बसवा. नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) बसवायचा छोटा फिल्टर सोबत आला असेल तर सरळ फेकून द्या; उन्हाने तापून तो तडकतो. फाइंडरला (नेम धरायला दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीला) टोपण लावायचं तर हमखास राहतं, ते आधी लावा. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच वगैरे अजिबात नको.

बुध आणि सौरडाग (सूर्यावरचा काळसर डाग) यांत गल्लत करू नका: सौरडागाभोवती करडी कडा दिसते. बुध काळाकुळकुळीत, गोल, आणि हळूहळू सरकणारा.