‘थेरनॉस्टिक्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं माहितीपत्रक मराठीत करताना ‘थेरनॉस्टिक्स’ (किरणोत्सारी औषधाने आधी गाठ शोधायची, मग तशाच औषधाने ती मारायची, ही पद्धत) हा शब्द अडला, ‘उपचारनिदानशास्त्र’ चालेल का, असं विचारलंय.

अर्थाला चालेल, पण म्हणताना दम लागतो. शिवाय क्रम उलटा. इंग्रजीत थेरपी आधी आणि डायग्नोस्टिक्सचं शेपूट मागे असलं, तरी प्रत्यक्षात आधी बघतात, मग मारतात.

प्रोस्टेटच्या बहुतेक कर्कपेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला चिकटणाऱ्या रेणूवर किरणोत्सारी गॅलियम-६८ बसवलं की पेट स्कॅनमध्ये गाठी उजळतात. मग तशाच रेणूवर ल्युटेशियम-१७७ बसवून शिरेतून सोडतात. त्याचे बीटा कण जेमतेम दोन मिलिमीटर जातात आणि तेवढ्यातल्या पेशी मारतात. गॅलियमचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ) ६८ मिनिटं, ल्युटेशियमचं साधारण साडेसहा दिवस. टेहळ्या लगेच परततो, शिपाई ठाण मांडून बसतो.

थायरॉइडच्या बाबतीत तर टेहळ्या आणि शिपाई एकच. आयोडीन-१३१चे गॅमा किरण कॅमेऱ्याला दिसतात, बीटा कण उपचार करतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये रुग्ण हे आयोडीन कित्येक वर्षं घेतायत, ‘थेरनॉस्टिक्स’ हे नाव रुळण्याच्या कितीतरी आधीपासून.

म्हणजे शब्दात ‘आणि’पेक्षा ‘त्यानेच’ यायला हवं. ‘निदानोपचार’ आटोपशीर आहे, पण तो ‘निदान आणि उपचार’ असाच वाचला जातो; आणि मराठी कानाला त्यात ‘निदान उपचार तरी करा’ ऐकू येतं, ते वेगळंच.

खरं तर दोन्ही अर्थ पोटात असलेला शब्द घरातच होता: चिकित्सा. वैद्याची चिकित्सा म्हणजे उपचार; ‘फार चिकित्सा करू नकोस’ म्हणतो तेव्हा ती कसून केलेली तपासणी. ‘विचिकित्सा’ म्हणजे तर चक्क शंका. दुर्दैवाने पाट्यांवर तो नुसता उपचारापुरता उरला. पत्रकात ‘चिकित्सा’ छापलं तर रुग्ण विचारेल, कसली?

लेखात मी ‘निदानोपचार’ वापरेन. पत्रकात मात्र ‘थेरनॉस्टिक्स’च ठेवा आणि खाली एक ओळ घाला: ‘ज्या औषधाने गाठ शोधायची, त्याच्याच भावंडाने ती मारायची.’ रुग्णाला रुग्णालयाच्या खिडकीवर तोच शब्द सांगून विचारायचं असतं.